प्रौढांची परीक्षा : रात्रशाळेपासून ग्रामगौरवापर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाच्या जुन्या हकिगती आठवू लागलो की आम्हांस प्रथम आठवते ती सभागृहामागील खोली. गणेशोत्सवाची, नाटकांची, हळदीकुंकवाची छायाचित्रे मंडळाने जपून ठेवली आहेत. त्या खोलीत भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाचे मात्र एकही छायाचित्र कोणी काढले नाही. त्या वर्गास एका कचेरीतील शिपाई येत असत. वय चाळिशीपुढचे, गाव कोकणातले. विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कारकुनाची जागा मिळणार होती. नमुना उत्तरे घोकघोकून ते दोनदा परीक्षेस बसले आणि दोन्ही वेळा अनुत्तीर्ण झाले. मेहनतीत कसूर नव्हती. मग उणे काय पडले? हा प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे. त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

१८५५ साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालू केली. लहान मुलास आईबाप शाळेत धाडतात. प्रौढास आपल्या पायांनी यावे लागते, आणि लाज उंबऱ्यावरच आडवी येते. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोशीबुवांच्या भाकितांना भुललेले एक कुणबी जोडपे त्यात आहे. आपली नागवणूक अज्ञानापायी झाली, हे उमगल्यावर ते रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. तथापि, प्रौढास अक्षर शिकविण्यापूर्वी अक्षराची गरज त्याच्याच जीवनातून दाखवावी लागते, ही जाण त्या नाटकात आहे. शाळा आणि नाटक एकाच वर्षीचे असावेत, यास आम्ही केवळ योगायोग मानीत नाही.

पुढचा टप्पा सेवासदनाचा. १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई रानडे यांना अक्षरओळखही नव्हती. त्याच रमाबाईंच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. वय वाढलेल्या, संसारात गुंतलेल्या, अकाली वैधव्य आलेल्या स्त्रिया तेथे शिकल्या आणि त्यांतील कितीतरी जणी अध्यापिका व परिचारिका झाल्या. त्यांच्या दृष्टीने परीक्षा म्हणजे केवळ कागदाचा तुकडा नव्हता. स्वतःच्या कमाईचा तो पहिला दरवाजा होता. आपण स्वतः मोठेपणी शिकलो याचे स्मरण ठेवून शिकविणारी व्यक्ती शिरोभागी असली म्हणजे संस्थेची नजर कशी बदलते, याचे हे उदाहरण होय.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. १४ ते ५० वर्षे वयाच्या निरक्षरांना गावातल्याच शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी काही महिने रात्री शिकवावयाचे, त्यांची चाचणी घ्यावयाची आणि गाव साक्षर ठरले की ‘ग्रामगौरव समारंभ’ करावयाचा, अशी तिची रीत. तिची कल्पकता आम्हांस येथे दिसते : परीक्षा एकट्याची न राहता गावाची झाली. एक म्हातारा मागे राहिला तर साऱ्या आळीला चुटपुट लागे. १९७२ साली युनेस्कोच्या पारितोषिकाने या मोहिमेचा गौरव झाला. परंतु समारंभ संपला, मांडव उतरले, आणि नंतर वाचावयास पुरेसे काही हाती न राहिल्याने अनेक नवसाक्षर पुन्हा अक्षरे विसरले, हेही नमूद करणे प्राप्त आहे. गौरव झाला म्हणजे ज्ञान टिकले असे होत नाही.

तो धडा पुढे काही अंशी उपयोगी पडला. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. मिनिटास ३० शब्द मोठ्याने वाचणे, ७ शब्द पाहून लिहिणे, ५ शब्द ऐकून लिहिणे, असे मोजमाप ठरले. तीन पुस्तिकांची मालिका आखली गेली आणि प्रत्येक पुस्तिकेतच तीन चाचण्या गुंफल्या गेल्या. शिकणाऱ्याने तयारी होताच आपली प्रगती आपणच तपासून पाहावी; नापासाचा शिक्का नाही की चारचौघांत हसे नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्याने कलापथकांच्या साहाय्याने घरोघर साक्षरतेचा संदेश नेला, ज्यांना दिसत नव्हते त्यांच्यासाठी चष्मे गोळा केले आणि १९९० च्या फेब्रुवारीत संपूर्ण साक्षरता जाहीर केली. कल्पकता म्हणजे केवळ गाणी व नाटके नव्हेत. म्हाताऱ्याला अक्षर का येत नाही याचे उत्तर कधी डोळ्यांत असते, हे ओळखणे हीसुद्धा कल्पकताच.

आता आमच्या शिपाईबंधूंकडे वळू. तिसऱ्या वेळी मंडळातील एका शिक्षिका भगिनीने त्यांचे मार्गदर्शक पुस्तक मिटून ठेवविले आणि सांगितले, “तुमच्या जमिनीच्या सातबाऱ्यातली चूक दुरुस्त व्हावी म्हणून अर्ज लिहा. आधी मराठीत, मग हिंदीत. उद्या तुम्हीच साहेब व्हा आणि त्या अर्जावर टिपणी लिहा.” वीस वर्षे ज्यांनी फायली एका मेजावरून दुसऱ्या मेजावर नेल्या, त्यांना फाइलीच्या आत काय असते हे त्या दिवशी उमगले. अर्जदाराची तळमळ त्यांना ठाऊक होतीच. आता तिला उत्तर कसे द्यावे हेही कळले. त्या वर्षी ते उत्तीर्ण झाले. पेढे वाटताना ते एवढेच म्हणाले, “या खेपेला घोकावं लागलं नाही, बाई.”

आज साक्षरतेचे काम ‘उल्लास’ कार्यक्रमाच्या रूपाने देशभर चालू आहे व त्यातही चाचणी आहेच. आमच्या मंडळापुढचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. परप्रांतात वाढलेली आमची मुले आणि कौतुकाने घरात आणलेल्या अमराठी सुना मराठी बोलतात, पण ही स्मरणिका वाचू शकत नाहीत. पन्नास वर्षांच्या या लेखांना उद्याचा वाचक हवा असेल, तर तो प्रौढांच्या वर्गातूनच येईल. आणि त्या वर्गाचा पहिला पाठ बाराखडीचा नसावा, आजीच्या जुन्या पत्राचा असावा. सभागृहामागील खोलीत सध्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. किल्ली कार्यवाहांकडे आहे.