औषधांच्या माहितीपत्रकाचा वाचक

सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या आंबोलीहून सावंतवाडीस जावयाचे, तर घाट उतरून सुमारे ३० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली म्हणजे हा मार्गही अडतो. अशा वेळी घरातील औषधासंबंधी शंका उद्भवली, तर वेष्टनातील माहितीपत्रक हाच हाताशी असलेला लिखित आधार होय. परंतु घरी मालवणी बोलणाऱ्या व शाळेत मराठी शिकलेल्या वाचकापुढे येणारे हे पत्रक बहुधा इंग्रजीत असते. याचे कारण औषधविषयक कायद्याच्या इतिहासात शोधावे लागते.

रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३१ साली अहवाल सादर केला. भेसळ व निकृष्ट औषधे हा तिच्यापुढील मुख्य प्रश्न होता. पुढे १९४० चा औषध अधिनियम व १९४५ चे नियम अस्तित्वात आले. त्यांचाही रोख प्रामुख्याने औषधाच्या प्रतीवर राहिला. आयात औषधांसाठी २००१ साली जोडलेल्या अनुसूची 'डी-२' मध्ये पत्रकातील बाबींची तपशीलवार यादी आढळते : उपयोग, मात्रा, निषिद्ध अवस्था, गर्भावस्थेतील वापर, अनिष्ट परिणाम. मात्र पत्रक इंग्रजीत असावे, असेही तीत म्हटले आहे. अर्थात, तिने गृहीत धरलेला वाचक वैद्यक-व्यावसायिक होय, रुग्ण नव्हे. आयुर्वेदीय औषधात अनुसूचीतील विषारी द्रव्य असल्यास, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे ही सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापावी, असे नियम १६१ सांगतो. येथे रुग्णास वाचक म्हणून मान्यता मिळाली खरी. पण ती एका ओळीपुरती, आणि मराठीत नव्हेच.

युरोपीय समुदायाने १९९२ च्या निर्देशान्वये पत्रक सुबोध शब्दांत व संबंधित राष्ट्राच्या राजभाषेत असणे आवश्यक ठरविले. २००४ साली त्यात रुग्णगटांशी विचारविनिमयाची भर पडली.

तथापि केवळ भाषांतराने हेतू साधेल असे नाही. 'दिवसातून तीनदा' याचा अर्थ न्याहारी व दोन जेवणे असा घेता येतो. 'दर आठ तासांनी' याचा अर्थ निराळा. 'प्रतिनिर्देश' हा शब्द इंग्रजी संज्ञेइतकाच वाचकास अडवील; 'पुढील व्यक्तींनी हे औषध घेऊ नये' हे वाक्य अडविणार नाही. माहिती बिनचूक असणे ही पत्रकाची पहिली कसोटी होय. परंतु ते कोणास उद्देशून लिहिले आहे, ही दुसरी कसोटी तितकीच निर्णायक आहे.