घरची गोष्ट, गावाचे हसू

दापोऱ्यातील आमच्या घरी प्रत्येक लग्नकार्यात एक गोष्ट सांगितली जाते. पंगती उठतात, पाहुणे पानसुपारीसाठी ओट्यावर टेकतात आणि कोणीतरी म्हणते, "ती शिक्षेची गोष्ट होऊन जाऊ द्या."

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी आमचे आजोबा आत्याबाईंच्या स्थळासाठी पुण्यास गेले होते. त्यांची शाळा हिंदी, कचेरीचा आणि केळीच्या बाजाराचा व्यवहार हिंदी. मराठी होती ती घरात आणि भावकीत. घरच्या बोलीत 'मुलगा किती शिकला' एवढे विचारले असते तर भागले असते. पण पुणेकरांपुढे शुद्ध बोलावे म्हणून त्यांनी जरा भारदस्त शब्द निवडला आणि वरपित्याला विचारले, "मुलाची शिक्षा किती झाली?" समोरचे गृहस्थ क्षणभर थांबून शांतपणे म्हणाले, "तशी वेळ अजून आलेली नाही."

स्थळ जमले, लग्न झाले. पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट व्याह्यांकडची मंडळी आजोबांच्या बोलण्याची नक्कल करून सांगत. आजोबाही हसत, पण लगेच पाण्याचा तांब्या पाहण्याच्या निमित्ताने उठून आत जात. मग एका लग्नात त्यांनी ती स्वतःच सांगितली आणि पुणेकरांना ठाऊक नसलेला उत्तरार्ध जोडला. 'अजून वेळ आलेली नाही' हे ऐकून त्यांची खात्रीच झाली होती, की पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी राहूनही हा मुलगा बिचारा निरक्षर राहिला. तरी घराणे चांगले, म्हणून त्यांनी धीर दिला होता, "काही हरकत नाही. आमची मुलगी बघून घेईल." त्या दिवशी मांडवात व्याही डोळे पुसेपर्यंत हसले. आजोबा मात्र त्या दिवशी तांब्या पाहायला उठले नाहीत.

प्रसंग तोच, शब्दही तेच. मग फरक कशाने पडला? स्वतःच्या आयुष्यातली फजिती चारचौघांत सांगून ती सर्वांची करण्याची जी कला आज रंगमंचावर एकट्याने उभे राहून सादर केली जाते, तिचे मर्म या फरकात असावे, असे आम्हांस वाटते. या कलेला आज 'स्टँड-अप' म्हणतात. नाव नवे असले तरी आपल्याकडे तिची वाट जुनी आहे. ती थोडी चालून पाहू.

या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा पैठणचा. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली, तेव्हा त्यांनी 'मी' हा शब्द दुसऱ्यांना देऊन टाकला. सासुरवाशीण, विंचू चावलेला माणूस, जोशी, महार अशी कितीतरी पात्रे त्यांच्या भारुडांत स्वतःच्या तोंडाने बोलतात. सासरच्या माणसांना वैतागलेली बाई देवीला नवस करते तेव्हा श्रोत्यांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, कारण ती व्यथा त्यांच्या घरची असते. नाथांनी ती व्यथा दुरून दाखवली नाही. सोंग अंगावर घेऊन ते तिच्या जागी उभे राहिले.

छापील विनोदात हा 'मी' आला तो आपल्या शेजारच्या मुलखातून. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ साली नागपूरला झाला आणि त्यांनी वकिली केली ती जळगाव जामोद आणि खामगाव येथे, म्हणजे आपल्याकडून सातपुडा ओलांडला की पलीकडे. 'सुदाम्याचे पोहे' या त्यांच्या लेखांत सुदामा नावाचा एक साधाभोळा गृहस्थ आपली हकीकत सांगतो. जुन्या रूढींचा तो इतक्या प्रामाणिकपणे कैवार घेतो, की वाचकाला त्या रूढींचे पोकळपण आपोआप दिसू लागते. कोल्हटकरांनी समाजाला फटके मारले खरे, पण ते सगळे सुदाम्याच्या पाठीवर घेऊन.

पुढे चिंतामण विनायक जोशी यांनी चिमणरावांना जन्म दिला. चि. वि. जोशी पाली भाषेचे पंडित होते आणि त्यांच्या आयुष्यातील उमेदीचा काळ बडोद्यास अध्यापनात व संस्थानच्या सेवेत गेला. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचा संसार अस्सल पुणेरी. पण तो लिहिणारा माणूस गुजरातेतील मराठी वस्तीत राहत होता. घरापासून थोडे दूर राहिलेल्या माणसाला घर जास्त स्पष्ट दिसते, हे आपल्यासारख्या बाहेर वसलेल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको. चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतात आणि ती सांगताना आपण शहाणे आहोत असे समजतात. गंमत येते ती त्यामुळेच. १९४० साली 'लग्न पहावे करून' या चित्रपटातून आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीवरून हे चिमणराव मराठी घरांत पुन्हा पुन्हा आले.

एक परदेशी पाहुणाही इथे आठवतो. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन प्रकाशन आणि छपाईयंत्राच्या व्यवहारात बुडाले आणि कर्ज फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर जगभर व्याख्याने देत निघाले. १८९६ च्या आरंभी ते मुंबईत होते. तेथून पुढे ते अलाहाबादेस गेले. त्या काळी हा लोहमार्ग भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा असाच जात असे. स्वतःचा आळस, भित्रेपणा आणि फसलेले बेत हेच त्यांचे भांडवल होते, आणि त्या भांडवलावर त्यांनी धनकोंची पै न पै फेडली.

मराठीत एकट्या माणसाने रंगमंच भरून टाकण्याचा खरा प्रघात पडला तो पु. ल. देशपांडे यांच्यामुळे. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली आले आणि १९६१ पासून पु. ल. ते एकट्याने रंगमंचावर सादर करू लागले. त्यातले 'उपास' हे प्रकरण पाहावे. वजन कमी करण्याचा संकल्प एका माणसाचा; पण त्याला सल्ला द्यायला अख्खी चाळ धावते आणि एकाचा सल्ला दुसऱ्याशी जुळत नाही. ऐकणाऱ्याने उपास केलेला असो वा नसो, न मागता सल्ला देणारे शेजारी त्याला भेटलेले असतातच. निवेदक शेजाऱ्यांना हसतो, पण त्याआधी आपल्या जिभेला आणि मोडणाऱ्या निश्चयाला हसून घेतो. म्हणून त्याला पुढचे सगळे माफ असते. 'असा मी असामी'चे निवेदक धोंडो भिकाजी जोशी हे पु. ल. नव्हेत; तरी काळाच्या वेगामागे धापा टाकत धावणाऱ्या त्या मध्यमवर्गीयात पु. लं.नी आपली पिढीच ओतली आहे. 'बटाट्याच्या चाळी'चा शेवट चिंतनाने होतो, हेही विसरू नये. दोन-अडीच तास हसवल्यानंतर चाळ मोडायला आल्याची हुरहुर ते श्रोत्यांच्या हाती देतात. ज्यावर माया नाही त्यावर असे हसता येत नाही.

याच १९६० च्या दशकात द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले आणि खेड्यातला माणूस आपल्या बोलीत व्यासपीठावर बोलू लागला. १९७९ साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सुरू केले, तेव्हा या बोलीला पूर्ण रंगमंच मिळाला. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक मराठवाड्याची बोली घेऊन उभा राहिला आणि बावन्न पात्रे एकट्याने वठवू लागला. गिनीज बुकानेही त्याची दखल घेतली. आमच्या भागात त्याच्या ध्वनिफिती घरोघर वाजत. 'वऱ्हाड' म्हटल्यावर आमच्यापैकी काहींना आधी बुलढाणा-अकोल्याकडचा मुलूख आठवला होता, हीही एक घरगुती गंमतच. मराठवाड्यातले ते वऱ्हाडी विमानात बसून गोंधळतात तेव्हा श्रोते त्यांना अडाणी म्हणून हसत नाहीत. मोठ्या शहरात पहिल्यांदा गेलेल्या आपल्याच काकांना आठवून हसतात. बोली चिडवण्यासाठी वापरली की बोलणारा लहान होतो, आणि ती बोलीत वाढलेल्या माणसाने आपली म्हणून वापरली की ऐकणाराही त्या घरचा होतो. देशपांडे २००९ साली गेले; पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग रंगमंचावर आणला. सांगणाऱ्याच्या मागेही टिकली म्हणजे गोष्ट खऱ्या अर्थाने सर्वांची झाली.

त्यानंतरचा काळ आपण हिंदी दूरचित्रवाणीवर पाहिला. २००५ च्या 'लाफ्टर चॅलेंज'मध्ये विदर्भातून मुंबईस गेलेले सुनील पाल पहिले आले. त्याच स्पर्धेत आपल्याच राज्यातील सिवनीचे एहसान कुरेशी गाजले. आपली मुले शिकायला जातात त्या इंदूरचे झाकीर खान २०१२ साली अशीच एक स्पर्धा जिंकून पुढे आले. सारंगीवादकांच्या घराण्यातल्या या तरुणाने सांगितले काय, तर न जमलेले प्रेम, वडिलांचा धाक, मित्रांचे फुकटचे सल्ले आणि लहान शहरातून आलेल्या मुलाची इंग्रजीपुढे होणारी गाळण. मराठीत २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपाच्या मंडळींनी स्टँड-अपला चालना दिली. या कलावंताला सोंग नाही, रंगभूषा नाही, पात्राच्या नावाचा आडोसाही नाही. तो आपल्या नावानिशी उभा राहतो. बाहेरून हे गप्पा मारल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात तोच मजकूर लहान लहान सभागृहांत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला जातो. जिथे हशा येत नाही तो भाग गळतो, हशा आणणारा शब्द वाक्याच्या शेवटाकडे सरकतो आणि 'एकदा मी गावाला गेलो' याच्या जागी गावाचे नाव, गाडीची वेळ आणि डब्यातली भाजी येते. तपशील जितका नेमका, तितके ऐकणाऱ्याला आपले घर लवकर दिसते, असा अनुभव आहे.

मात्र या कलेला एक किंमत आहे आणि ती बहुधा दुसरेच कोणी चुकवते. सांगणाऱ्याचे आयुष्य म्हणजे त्याच्या बायकोचे, आईचे, सासऱ्याचेही आयुष्य. बायकोवरचे विनोद आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खपले. त्या बायकोला कोणी विचारले नाही. १९९० साली सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक वाचक अस्वस्थ झाले, कारण अवघ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या घरातली दुसरी व्यक्ती प्रथमच इतक्या सडेतोडपणे बोलत होती. हसवणाऱ्याचे मोठेपण त्यामुळे कमी झाले असे आम्हांस वाटत नाही. पण घरच्या गोष्टीला एकाहून अधिक मालक असतात, ही जाणीव त्या पुस्तकाने करून दिली.

इथे आत्याबाईंकडे वळायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशातच राहिलो. तेव्हापासून आपल्या मुलांची शाळा हिंदी आणि देवघर मराठी. तिकडचे आप्त आपल्याला हिंदीवाले म्हणतात, इकडचे शेजारी मराठीवाले. या दोन्हींच्या मधल्या भाषेत वाढलेली मुलगी पुण्याच्या स्वयंपाकघरात गेली. आजोबांची गोष्ट लोक सांगत, हसत. पण त्या घरात रोज बोलायचे होते आत्याबाईंना. पहिली काही वर्षे त्या फार कमी बोलल्या, आणि घरी सगळ्यांनी त्याला त्यांचा शांत स्वभाव म्हटले.

आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी दापोऱ्यात एक लग्न होते. शिक्षेच्या गोष्टीची फर्माईश झाली आणि सांगणार कोण म्हणून सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा सत्तरी गाठलेल्या आत्याबाई पदर सावरून बसल्या. म्हणाल्या, "बाबांची गोष्ट तुम्हांला पाठच आहे. माझी ऐका." लग्नानंतर आठ दिवसांनी सासूबाईंनी त्यांना विचारले होते, "स्वयंपाक येतो ना?" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. या नम्रपणे म्हणाल्या, "येत नाही फारसा, पण तुमच्या स्वयंपाकाची रोज चेष्टा करीन."

मांडव हसून हसून लोटला. हशा ओसरल्यावर कोणीतरी विचारले, ही इतकी वर्षे का नाही सांगितलीत? आत्याबाई म्हणाल्या, "बाबांना वाटले असते, की शिक्षा आपल्यामुळे झाली." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग त्यांनीच शेजारी बसलेल्या नव्या सुनेच्या हातात पानाचे तबक दिले आणि विचारले, "तू कुठली ग? तुझ्याकडे काय म्हणतात याला?"