वाळवीच्या पोटातली गर्दी

फिलाडेल्फिया, १८७७. तुम्ही जोसेफ लायडी यांच्या खुर्चीमागे उभे आहात. पेशाने शरीररचनेचे प्राध्यापक, पण दगड उलटून पाहायची खोड. दगडाखालच्या बोळांतून पळणारी वाळवी पाहून त्यांना प्रश्न पडला, ही खाते तरी काय? म्हणून आज काचपट्टीवर तिचं आतडं उघडलंय. तपकिरी पाण्याचा एक थेंब. ते बाजूला होतात, तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता.

थेंब वळवळतोय! मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. पेअरसारखे फुगीर जीव, अंगभर हजारो लांब केस आणि सगळे लाटांसारखे हलणारे. हा ट्रायकोनिम्फा. पोट पारदर्शक, आत लाकडाचे कण स्पष्ट दिसतात. पटकन पाहून घ्या, हवा लागली की हे मरू लागतात.

लायडी यांनी त्यांना परजीवी ठरवलं. तुम्हाला हटकावंसं वाटेल. पण तुमचं कोण ऐकणार?

पुढे चला, १९२०च्या दशकात, बाल्टिमोरला. लेम्युएल क्लीव्हलँड यांनी वाळवीला ३६ अंशांच्या उबेत २४ तास ठेवलंय. वाळवी जगली, पोटातले जीव मेले. आता ती लाकूड कुरतडत राहते, पोट भरतं आणि तरी दोन-तीन आठवड्यांत उपासमारीने मरते. ते जीव परत पोटात गेले तर मात्र जगते. म्हणजे फुकट खाणारं कोण, सांगा! वर, कात टाकताना आतड्याचं अस्तरही गळतं आणि भाडेकरू त्याच्याबरोबर जातात. मग वाळवी सोबतिणीच्या गुदद्वारातला द्रव चाटून ते पुन्हा मिळवते. नाक मुरडू नका, एकटीने राहून हे जमलं नसतं.

आता मोठी उडी. उत्तर म्यानमारचं हुकॉंग खोरं, दहा कोटी वर्षांपूर्वी. डायनोसॉरकडे नंतर बघा. झाडावरून राळ ओघळते, एक वाळवी तीत अडकते, तिचं पोट फुटतं आणि आतले जीव राळेत उतरतात. ती राळ घट्ट होऊन अंबर झाली आणि त्या अंबराचं वर्णन जॉर्ज पॉइनर यांनी २००९मध्ये छापलं. भागीदारी तेव्हाही जुनीच असणार.

परतल्यावर बांधावरचं वारूळ फोडून हा ट्रायकोनिम्फा शोधू नका. आपल्याकडच्या वारूळ बांधणाऱ्या वाळवीच्या पोटात तो नसतो, जिवाणू असतात. पालापाचोळा, लाकूड पचवायला ती वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, गोव्या-कोकणात चवीने खाल्ली जाणारी अळंबी त्याच शेतीची.