इरिडेट: तांब्याचा जुळा भाऊ अजून का हुलकावणी देतोय?

मी सॉफ्टवेअरवाला, पण आजची गोष्ट चिपच्याही खालची आहे. एखाद्या पदार्थातून वीज वाहते, दुसऱ्यात अडते. का?

सुरुवात १९३७ पासून करू. तेव्हाच्या सिद्धांतानुसार निकेल ऑक्साइडमधून वीज वाहायला हवी होती. प्रत्यक्षात वाहत नव्हती. रुडॉल्फ पायर्ल्स आणि नेव्हिल मॉट यांनी बोट ठेवलं ते इलेक्ट्रॉनच्या आपसातल्या ढकलाढकलीवर. समजा, एका चाळीत प्रत्येक खोलीत एकच भाडेकरू आहे आणि कोणी कोणाला आत घ्यायला तयार नाही. मग हलणार कोण? अशा पदार्थाला आज मॉट इन्सुलेटर म्हणतात.

१९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये थोडं बेरियम मिसळलं. सुमारे ३५ केल्विनच्या आसपास त्याचा विजेला होणारा विरोध कोसळायला लागला. म्हणजे काय, तर सुपरकंडक्टर! पुढच्याच वर्षी नोबेल. आणि गंमत बघा, मूळचं बिनमिसळीचं ऑक्साइड चक्क मॉट इन्सुलेटर होतं.

मग शोध सुरू झाला: असा दुसरा पदार्थ कुठे मिळेल?

इथे एन्ट्री होते इरिडियमची. स्ट्रॉन्शियम इरिडेटची थरांची रचना त्या तांब्याच्या ऑक्साइडसारखीच. पण इरिडियममधले बाहेरचे इलेक्ट्रॉन ऐसपैस पसरलेले, त्यामुळे ढकलाढकली कमी. हिशोबाने हा धातूसारखा वागायला हवा. तरी वीज अडतेच!

उत्तर आलं २००८ मध्ये, बी. जे. किम आणि सहकाऱ्यांकडून. इरिडियमचा अणुक्रमांक ७७, तांब्याचा २९. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची कक्षा एकमेकांत घट्ट गुंततात. त्यामुळे इलेक्ट्रॉनची मोकळी वाट अरुंद होते, आणि मग थोडी ढकलाढकलीही ती बंद करायला पुरते.

हे कळतं कसं? प्रकाश टाकून. हा पदार्थ साधारण ०.५ आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी प्रकाश जास्त शोषतो. दोन्ही जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात.

पुढची पायरी डोपिंगची. स्ट्रॉन्शियमच्या जागी थोडं लँथेनम घातलं की जादा इलेक्ट्रॉन मिळतात. यासाठी पातळ फिल्म सोयीची पडते. लेझरच्या झोताने पदार्थाची वाफ करायची आणि ती दुसऱ्या स्फटिकावर थरथर जमू द्यायची. खालचा स्फटिक फिल्मला किंचित ताणतो किंवा दाबतो, म्हणजे आपल्या हातात डोपिंगसोबत आणखी एक बटण येतं. डोपिंग वाढलं की कमी ऊर्जेचा प्रकाशही शोषला जाऊ लागतो: बंद वाट उघडतेय, याची ती खूण.

२०११ मध्ये फा वांग आणि टी. सेंथिल यांनी भाकीत केलं: इलेक्ट्रॉन वाढवा, हाही सुपरकंडक्टर होईल. २०१४ मध्ये पृष्ठभागावर पोटॅशियम टाकल्यावर तांब्याच्या ऑक्साइडसारख्याच खुणा दिसल्याही. पण ज्या एका गोष्टीसाठी सगळे थांबलेत, तो शून्य विरोध अजून कोणी निर्विवाद दाखवलेला नाही.

मग एवढी मेहनत फुकट गेली का? मला नाही वाटत. दोन प्रोग्राम जवळपास सारखे असतील आणि एकच चालत असेल, तर बग त्या फरकातच शोधायचा असतो. तांब्याकडे असं काय आहे जे इरिडियमकडे नाही? हा प्रश्न इतका नेमका विचारता येतो, तो या जुळ्या भावामुळेच.

विचार करा, आणि भेटू पुढच्या भागात!