कलम १०३१ विनिमय

अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतील करतरतूद. मूळ १९२१ च्या कायद्यात. गुंतवणुकीची वा धंद्याची स्थावर मालमत्ता देऊन तशीच दुसरी घेतल्यास भांडवली नफ्यावरील कर लांबणीवर पडतो, माफ होत नाही. ऑरेगनच्या स्टार्कर कुटुंबाने वनजमीन आधी दिली, बदलीच्या मालमत्ता सवडीने घेतल्या. १९७९ मध्ये न्यायालयाने ते ग्राह्य धरले. ही सवड फारच सैल ठरल्याने १९८४ मध्ये मुदत आली: ४५ दिवसांत निवड, १८० दिवसांत खरेदी. विक्रीची रक्कम मध्यस्थाकडेच राहते. मालकाने उचललेल्या रोकडीवर कर लागतो. मालक वारल्यास वारसांकडे मालमत्ता बाजारभावाने येते आणि लांबलेला कर बुडतोच. टीकाकारांचा हा आक्षेप रास्त आहे. राहते घर यात बसत नाही. न्यू जर्सीतील भाड्याचे घर विकून पुण्यात फ्लॅट घेणाऱ्यालाही ही सवलत मिळत नाही.