शब्दवेध : डवली

वेल्समधला तरुण पूर्वी मनात भरलेल्या मुलीला स्वतः कोरलेला लाकडी चमचा देई. सेंट फेगन्सच्या संग्रहालयातल्या अशा एका चमच्यावर १६६७ साल आहे. एकाच लाकडातून सुट्या कड्यांची साखळी कोरून काढली, की पोराच्या हातात कसब आहे हे दिसे. इंग्रजी ‘स्पून’चा मूळ अर्थ मात्र लाकडाची ढलपी.

आपल्या ‘डवली’चं, म्हणजे पळीचं, कूळही लाकडाचंच, असं माझं मत. संस्कृत दर्वी, प्राकृत दव्वी, त्यावरून दवली, डवली. झारा, उलथणं ही नावं कामावरून पडली. दर्वी मात्र ‘दारु’वरून, म्हणजे लाकडावरून. (प्यायची दारू निराळी, ती फारसी.) यावर आक्षेप असा, की उणादिसूत्रं दर्वी ‘दॄ’, म्हणजे फाडणे, या धातूपासून साधतात. पण ‘दारु’ही ती त्याच धातूपासून साधतात; फिरून गाडी लाकडावरच येते. दुसरा आक्षेप आकाराचा: सुश्रुत फणाधारी नागाला ‘दर्वीकर’ म्हणतो. ही तर उपमा झाली, आणि उपमेला आधी पळी हवी. ऋग्वेदात दर्वी तुपासोबत आहेच. कोकणातली डवली करवंटीची, लाकूड फक्त दांड्याला, या आक्षेपाचं मला फारसं वाटत नाही. वस्तू बदलली तरी नाव टिकतं. बंगळुरूतल्या येलहंक्याच्या बाजारात कानडीत ‘मरद सौटु’, म्हणजे लाकडी पळी, मागावा लागतो. तिथे ‘मर’ म्हणजे लाकूड वेगळं सांगावं लागतं. दर्वीला ते विशेषण लावणं ही द्विरुक्तीच.