चाकाचे फेरे आणि कांट्याची साक्ष

मोटारगाडीच्या चालकासमोर कांचेखालीं हलणारा कांटा गाडीचा वेग सांगतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्या कांट्यास रस्ता कधींच दिसत नाहीं. गाडींतील कोणता तरी एक भाग किती वेळां फिरला, एवढेंच त्याला कळतें. त्या फेऱ्यांचे मैल करण्यासाठीं मनुष्यानें एक आंकडा आधींच ठरवून दिलेला असतो. तो आंकडा खरा असेतों कांटा खरें बोलतो. तो ढळला कीं तोच कांटा तितक्याच निश्चयानें खोटें बोलूं लागतो. जुन्या अमेरिकन पिकअप गाडीचा मागचा आंस बदलला म्हणजे बहुधा हेंच घडतें. आणि या अडचणीचें मूळ मोटारीहून फार जुनें आहे.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत अंतर मोजणाऱ्या रथाचें वर्णन केलें आहे. रथाच्या चाकाचा परीघ साडेबारा रोमन फूट धरलेला होता. चाकाच्या तुंब्याला एकच दांता असे. चाकाचा एक फेरा झाला कीं तो ४०० दांत्यांच्या चक्राला एक घर पुढें ढकली. ४०० फेऱ्यांचे ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल, पुरा झाला कीं वरून एक खडा कांशाच्या भांड्यांत पडे. मुक्कामीं खडे मोजले कीं मैल कळत. या युक्तींत बुद्धिमत्ता खरी, पण तिची सारी भिस्त चाकाच्या परिघावर होती. चाक लहान बसविलें असतें, तरी खडा तितक्याच ऐटींत पडला असता. मैल मात्र खोटा ठरला असता.

हाच प्रश्न १८४७ सालीं अमेरिकेच्या ओसाड प्रदेशांत पुन्हां उभा राहिला. ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं मॉर्मन पंथीयांचा पहिला तांडा मिसूरी नदीकडून पश्चिमेस निघाला होता. दिवसाच्या वाटचालीचे अंदाज माणसागणिक निराळे पडत. तांड्यांतील विल्यम क्लेटन याला हें सहन होईना. त्यानें गाडीचें एक चाक मोजलें. त्याचा परीघ १४ फूट ८ इंच भरला. म्हणजे ३६० फेऱ्यांस बरोबर एक मैल. चाकाच्या आऱ्याला तांबड्या फलाणीची चिंधी बांधून ८ मे रोजीं तो दिवसभर गाडीशेजारून चालला आणि त्यानें ४,०७० फेरे मोजले. हिशेब झाला सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे. पुढें ऑर्सन प्रॅट यानें आंखलेलें आणि अॅपलटन हार्मन यानें घडविलेलें लांकडी यंत्र चाकाला बसलें, आणि क्लेटनची पायपीट सुटली. १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मार्गदर्शिकेंत मैलांचे आंकडे छापले गेले. मागून येणाऱ्या कुटुंबांना पुढचें पाणी किती दूर आहे तें त्यांवरून कळूं लागलें. थकलेल्या बैलांना आज थांबवावें कीं आणखी हांकावें, हा निर्णय त्या आंकड्यांवर अवलंबून असे.

मोटार आल्यावर अंतराइतकेंच वेगाला महत्त्व आलें, कारण वेगाला कायद्याची मर्यादा पडली. कनेक्टिकट संस्थानानें १९०१ सालीं शहरांत ताशीं १२ व बाहेर १५ मैलांची मर्यादा घातली. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें ती २० मैल ठरली. त्याच सुमारास, १९०२ सालीं, स्ट्रासबर्ग येथील ऑटो शुल्झे यानें आपल्या वेगमापकाचें पेटंट घेतलें. फिरती तांब्याची तबकडी जवळच्या चुंबकसूचीला ओढते, हें अरागो यानें १८२४ सालीं पाहिलें होतें, आणि फॅरडे यानें १८३१ नंतर त्याचें कारण उलगडलें होतें. शुल्झेच्या जातीच्या यंत्रांत लवचीक केबलीच्या टोंकाला चुंबक फिरतो. त्याच्याभोंवतीं धातूची वाटी असते. तिच्यांत भोंवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती ओढली जाते. घड्याळांतल्यासारखी बारीक कमान तिला मागें खेंचते. ओढ आणि कमान यांचा जेथें समतोल होतो, तेथें कांटा थांबतो. चुंबक वाटीला स्पर्शहि करीत नाहीं.

अमेरिकन गाड्यांत ही केबल एका मैलास सुमारें १,००० फेरे घेईल अशी योजना रूढ झाली. केबलीचें दुसरें टोंक गिअरबॉक्सच्या मागच्या भागीं असतें. चाकांशीं तिचा संबंध मागच्या आंसांतील दंतचक्रांच्या प्रमाणांतून येतो. घोटाळ्याचें बीज येथेंच आहे. समजा, एका पिकअपच्या आंसाचें प्रमाण ३.०८ आहे; म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे ३.०८ फेरे होतात. जड ओझें ओढण्यासाठीं, किंवा जुना आंस मोडल्यामुळें भंगारांतून जो मिळाला तो म्हणून, मालकानें ४.१० प्रमाणाचा आंस बसविला. आतां त्याच रस्त्यावर, त्याच चाकांनीं, शाफ्ट तिसऱ्या हिश्शानें अधिक फिरतो. गाडी ताशीं ६० मैलांनीं धांवत असतां कांटा ८० दाखवितो, आणि खालचे मैलांचे आंकडेहि त्याच मानानें फुगतात. उलट अदलाबदल झाल्यास कांटा मागें राहतो. चालक आपण सावकाश जात आहों या समजुतींत भरधांव जातो. दोहोंत हा प्रकार अधिक घातक.

यावरचा उपाय कांट्यापाशीं नसून गिअरबॉक्सपाशीं आहे. केबल फिरविणारें लहान चक्र तेथें असतें. पूर्वीं तें १८ दांत्यांचें असल्यास आतां २४ दांत्यांचें बसवावें. तिसरा हिस्सा वाढला तो येथें कमी होतो. मोठें चक्र जुन्या जागेंत न मावल्यास त्याचें घरहि बदलावें लागतें, किंवा केबलीच्या मध्यें प्रमाण बदलणारी लहान पेटी घालावी लागते.

पुढच्या काळांत केबल गेली आणि विजेचे ठोके आले. फोर्ड कंपनीच्या १९९२ ते १९९६ सालांतील मोठ्या पिकअप गाड्यांत वेगाची खबर मागच्या आंसांतूनच निघते. तेथें डिफरन्शियलवर दांत्यांचें एक कडें असतें, आणि आंसाच्या कवचांतील संवेदक ते दांते मोजतो. हें कडें चाकांच्याच सरासरी गतीनें फिरत असल्यानें आंसाचें प्रमाण बदललें तरी हिशेब बिघडत नाहीं. परंतु ज्या जुन्या आंसांत कडेंच नाहीं, किंवा संवेदकासाठीं भोंकच नाहीं, असा आंस बसविला कीं कांटा शून्यावर मेल्यासारखा पडतो. मागच्या चाकांचे ब्रेक घसरूं न देणारी यंत्रणाहि याच संवेदकावर चालत असल्यामुळें तीहि त्याच वेळीं निकामी होते. येथें वेगमापक उघडून कांहीं लाभत नाहीं. आंसांत योग्य कडें व संवेदक घालणें, तार तपासणें आणि संवेदकाच्या टोंकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसणें, हाच मार्ग.

ही दुरुस्ती केवळ सोयीची बाब नव्हे. जुन्या गाडीची किंमत तिच्या मैलांवरून ठरते. म्हणून अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यानें मैलांचे आंकडे फसविण्याच्या हेतूनें फिरविणें गुन्हा ठरविलें. दुरुस्तीनंतर पूर्वीचा आंकडा राखतां येत नसेल तर यंत्र शून्यावर आणून तशी लेखी सूचना डाव्या दरवाजाच्या चौकटीवर लावावी, असेंहि सांगितलें. यंत्राची साक्ष तुटली तेथें माणसाच्या प्रामाणिकपणानें ती जोडावी, असा त्याचा अर्थ.

आंसावरील पत्री हरवलेली असेल, तर कारागीर गाडीचीं मागचीं चाकें उचलतो, शाफ्टवर खडूची रेघ ओढतो, आणि दोन्ही चाकें बरोबरीनें एक पुरा फेरा फिरवीत शाफ्टचे फेरे मोजतो. क्लेटनची तांबडी चिंधी आणि ही खडूची रेघ यांचें काम एकच आहे. यंत्र मोजत राहतें; तें काय मोजतें आहे, याची खात्री मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें वांकून करून घ्यावी लागते.